शेवटच्या पंगतीची माणसं

आमच्या मंडळाच्या महाप्रसादाला मला साठ वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं. गणपतीतला एक रविवार ठरायचा, तो कुणाच्या तरी बोलण्यातून कानावर यायचा, आणि त्या दिवशी सकाळी आठाला मी दौलतगंजातल्या मंडळाच्या हॉलमध्ये हजर असायचो. पत्रिका छापल्या जायच्या. त्या मीच आधी सायकलवरून आणि मग स्कूटरवरून घरोघर वाटल्या आहेत. पण माझ्या स्वतःच्या घरी पत्रिका आल्याचं आठवत नाही, आणि ती यावी असं कधी मनातही आलं नाही. ज्याच्याकडे पत्रिका जाते त्याला यायचं की नाही हे ठरवता येतं. मला ती मुभा नव्हती.

आम्ही ग्वाल्हेरची मराठी माणसं. आमच्या घराण्याचे मूळ पुरुष दक्षिणेतून फौजेबरोबर आले. मंडळातल्या काहींचे दरबारात लेखणी चालवायला आले, काहींचे पूजा सांगायला. कोण आधी आलं आणि कोण मागून, यावर आमच्यात अजून वाद होतात, जणू परवाच बैलगाडीतून सामान उतरवलंय. दरबार गेला, फौज गेली, आम्ही कचेऱ्यांत, बँकांत आणि कॉलेजांत शिरलो. मी बत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीत फायली इकडच्या तिकडे केल्या आणि दर्पण कॉलनीत घर बांधून निवृत्त झालो. आमचं मराठी ऐकून पुण्याचे नातेवाईक गालातल्या गालात हसतात. त्यांना हसू द्यावं. पिढ्यान् पिढ्या हिंदीच्या शेजारी राहिल्यावर थोडी देवाणघेवाण होणारच.

आता पंगतीविषयी. महाप्रसादाच्या चार पंगती उठतात. पहिली बाराला बसते, शेवटची साडेतीनच्या पुढे. पहिल्या पंगतीत पाहुणे, म्हातारी माणसं आणि ज्यांचा मान राखायचा ते सगळे. दुसरी-तिसरी सर्वांची. शेवटची वाढप्यांची आणि स्वयंपाकघरातल्या बायकांची. तोवर पुऱ्या संपलेल्या असतात, जिलबीचा चुरा उरतो, मसालेभात पातेल्याच्या तळाला लागलेला असतो. स्वयंपाकघराच्या बोळात फरशीवरच बसकण मारायची, पत्रावळ मांडीजवळ ओढायची आणि खरवड खात खात पहिल्या पंगतीला नावं ठेवायची. कोण किती जेवलं, कुणी अळणी भाजीला मुद्दाम छान म्हटलं, कुणाची सून कुणाशी बोलत नाही. मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी बरंच चांगलं जेवलो आहे, पण जेवण म्हटलं की मला तो बोळच आठवतो.

वाढपाला एक चढती भाजणी असते. मी आठ वर्षांचा असताना कुणीतरी माझ्या हातात मिठाचं भांडं दिलं आणि पाठीत हलकासा धक्का मारला. मीठ पानाच्या वरच्या अंगाला, मधोमध. तीन वर्षांनी पाणी, मग कोशिंबीर, मग भाजी, आणि चाळिशीनंतर वरण. वरण सोपं नाही. भाताच्या मुदीत पळीच्या पाठीनं हलकासा खळगा करायचा आणि धार अशी सोडायची की एक थेंबही भाजीकडे जाता कामा नये. ह्या कामात मी पटाईत होतो असं म्हटलं तर त्यात बढाई नाही. कचेरीत मला कुणी पटाईत म्हटलं नाही, हेही सांगून टाकतो.

सात वर्षांपूर्वी मुलाचं लग्न झालं. सून इथल्याच लष्कर भागातली, हिंदी बोलणाऱ्या घरची. तिचं माहेर मंडळाच्या हॉलपासून तीन गल्ल्या सोडून. तिचे पूर्वज आमची फौज येण्याआधीपासून इथलेच, तेव्हा गावावर हक्क सांगायचा तर आमच्यापेक्षा तिचाच जुना निघावा. ती वकील आहे, इंदरगंजातल्या एका कचेरीत बसते. लग्नाआधीच वर्षभर ती मराठी शिकली, आणि चांगलं शिकली. माझा मुलगा तिच्याशी मराठीत सुरू करतो आणि अर्ध्या वाक्यात हिंदीत घसरतो. ती मात्र मराठीतलं वाक्य मराठीतच पुरं करते.

पहिल्या वर्षीच्या महाप्रसादाला तिला पहिल्या पंगतीत बसवा, असं मीच सांगितलं होतं. मला अभिमान वाटत होता. तिच्या पानावर वरण मी स्वतः दोनदा वाढलं. सगळ्यांनी तिला आग्रह केला. ती मराठीत म्हणायची, पुरे, खरंच पुरे, आणि आमचे लोक अदबीनं हिंदीत म्हणायचे, अरे बहूजी, थोड़ा तो लीजिए. जेवण झाल्यावर तिला कुणी पान उचलू दिलं नाही. दमला असाल, आता निघा, असं म्हणत चौघीजणी तिला दारापर्यंत सोडायला आल्या. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, बघ, किती प्रेमानं वागले सगळे. बायको हो म्हणाली. तिचे पाय दुखत होते, सकाळपासून ती पुऱ्या लाटत होती.

सात वर्षं हे असंच चाललं. गेल्या वर्षी पुण्याहून लग्न होऊन आलेली एक मुलगी, जिला ग्वाल्हेर नकाशावर दाखव म्हटलं असतं तर तिनं बोट भलतीकडेच ठेवलं असतं, ती पहिल्याच महाप्रसादाला काकड्या चोचवायला बसली. आमच्या स्वयंपाकघरावर सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंचं राज्य आहे. त्यांनी तिला दोनदा फैलावर घेतलं, एकदा काकडी जाड झाली म्हणून आणि एकदा हसली म्हणून. शेवटच्या पंगतीत ती माझ्या समोरच बसून तळाचा भात खात होती. माझी सून तेव्हा कधीच घरी पोचली होती. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

यंदा वसंतात माझा गुडघा बदलला. आणि गणपतीच्या आठ दिवस आधी आमच्या घरी पत्रिका आली. पाकिटावर माझं नाव, त्याच्या आधी सन्माननीय, आणि आत एक चिठ्ठी की ज्येष्ठांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होणार आहे, तरी पहिल्या पंगतीला आपली उपस्थिती प्रार्थनीय. मंडळाचा सचिव माझा शाळेतला दोस्त. त्यानं मला आयुष्यात कधी ‘आपण’ म्हटलेलं नाही. मला ते पाकीट मुळीच आवडलं नाही, आणि का आवडलं नाही हे सांगता येईना म्हणून मी दिवसभर चिडचिड केली.

जेवताना माझी गाडी तिथेच आली. मी म्हणालो, "मी काय पाहुणा आहे, मला पत्रिका पाठवायला?"

सून माझ्या समोर बसली होती. तिनं घास खाली ठेवला. "बाबा, मी आहे का?"

मी म्हणालो, "तुझी गोष्ट वेगळी आहे."

"हो. तेच विचारत होते."

एवढंच बोलून तिनं आमटी घेतली. तिचा आवाज चढला नव्हता. मुलानं फोनमध्ये डोकं घातलं, आणि बायको कुणालाही नको असलेली पोळी आणायला उठली. मी जेवत राहिलो, पण काय जेवलो ते आता विचारू नका.

निवृत्त माणसाला विचार करायला वेळ असतो, आणि गुडघा बदललेल्या निवृत्त माणसाला दुसरं कामच नसतं. त्या तीन-चार दिवसांत मी मंडळातल्या माणसांना मनातल्या मनात पंगतीला बसवून पाहिलं. कुणाला आम्ही आग्रह करतो? ज्याला संकोच होईल अशी आपल्याला भीती असते त्याला. आणि कुणावर खेकसतो? जो रुसला तरी उद्या येणारच त्याच्यावर. म्हणजे आग्रह हे प्रेम असेलही, पण ते उंबऱ्याच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसावरचं प्रेम. आमच्या दक्षिणी घरांना आग्रहाचा फार अभिमान. पाहुणा तृप्त होऊन गेला पाहिजे, असं आम्ही म्हणतो. त्यातला गेला पाहिजे हा भाग मी कधी नीट ऐकलाच नव्हता. सात वर्षं आम्ही माझ्या सुनेला तृप्त करून परत पाठवत होतो, आणि त्यात पुढाकार माझा होता. तिनं दोनदा वरण मागितलंच नव्हतं.

मग मला वाटलं, हे तर सोपं आहे, एका फोनचं काम. सचिवाला फोन लावला आणि म्हटलं की यंदा माझ्याऐवजी सूनबाई वाढपाला येईल.

तो म्हणाला, "अरे यार, तू पण ना. त्यांना कशाला तकलीफ? लोक म्हणतील, दुसऱ्यांची मुलगी घरात आणली आणि कामाला जुंपली. अच्छं दिसतं का ते?"

तो मनापासून बोलत होता, आणि महिन्यापूर्वी कुणी मला विचारलं असतं तर मीही शब्दशः हेच बोललो असतो. मी हट्ट धरला. बरीच रदबदली झाल्यावर तो म्हणाला की ठीक आहे, त्यांना लिंबाच्या फोडी देऊ, लिंबात काही बिघडत नाही.

संध्याकाळी सून कचेरीतून आली, चहा घेत बसली, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं तिला ही बातमी दिली. कोर्टातून स्थगिती आणल्यासारखा माझा चेहरा असणार. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं की मला पहिल्यांदा वाढप कुणी दिलं होतं. मी मिठाच्या भांड्याची आणि पाठीतल्या धक्क्याची हकिकत सांगितली. कुणाला विचारून दिलं, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, कुणालाच नाही, विचारायचं काय त्यात.

"मग माझ्यासाठी का विचारलंत?"

वकिलाशी वाद घालू नये. लिंबू नको मला, असं ती म्हणाली, आणि कप विसळायला आत गेली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी समजूत घालता आली असती. तिला नुसतं वाईट वाटलं होतं, आणि ते सात वर्षं वाटत होतं. हे समोर दिसल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

आपलेपण देता येत नाही, असं माझ्या लक्षात आलं. द्यायला गेलं की त्याचा मान होतो, आणि मान परक्याला देतात. ते कुणाच्याही नकळत, धांदलीत, कुणाला तरी दोन हात कमी पडतात तेव्हा होऊन जातं. तिच्या बाबतीत आम्ही कधी धांदलीत नव्हतोच. फार विचार करून, फार नीट वागलो. आता ह्यावर उपाय काय, ते मला सुचेना, आणि ती यंदा येणारच नाही अशी मला धास्ती वाटत राहिली. एकदा यायची बंद झाली की संपलं. मंडळातल्या कुणी तिला दोष दिला नसता, फारच समजूतदारपणे तिचं येणं ते विसरून गेले असते.

रविवारी ती आली. आमच्याबरोबर गाडीतून उतरली, चपला काढल्या, गणपतीला नमस्कार केला. बायको आत पुऱ्यांकडे गेली, मुलगा पाण्याच्या पिंपाकडे. मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि पहिल्या पंगतीत, हल्लीच्या टेबल-खुर्चीच्या पंगतीत, मधली जागा मिळाली. माझ्या शेजारची खुर्ची सुनेसाठी राखली होती. सचिव तिला घ्यायला स्वतः गेला. ती म्हणाली, "मी नंतर बसते," आणि चपलांच्या मांडणीजवळच्या बाकावर जाऊन बसली.

मी पहिल्यांदाच पहिल्या पंगतीत जेवलो. वरण दुसऱ्याच कुणी वाढलं, ते सरळ वाहत भाजीत गेलं. आग्रह सुरू झाला. नको म्हटलं की ऐकत नव्हते, हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून जिलबी सोडत होते, आणि एकाची नजर चुकवावी तर दुसरा हसतमुखानं उभाच. आपण खातो तो घास न् घास कुणीतरी मोजून समाधान पावतंय असं वाटत राहतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते खरं आहे. शेजारची खुर्ची रिकामीच होती.

दुसरी पंगत बसली, तिसरी बसली, सून बाकावरच. आमच्या मंडळात उपाशी पाहुणा म्हणजे घोर संकट. एकामागून एक माणसं तिच्याकडे जात होती आणि परत येत होती. एकीनं ताट वाढूनच नेऊन दिलं, ते तिनं आभार मानून परत केलं. दुसरी एक माझ्या बायकोला आत जाऊन विचारून आली की बहूजींचा आज उपास आहे का. बायकोनं लाटणं न थांबवता सांगितलं, तिलाच विचारा. अखेर सचिव माझ्याकडे आला आणि म्हणाला, तू तरी समजाव, दोन वाजून गेले, काय मतलब ह्याचा.

मी काठी टेकत बाकाशी गेलो. भूक लागली असेल, असं म्हटलं. लागली आहे, ती म्हणाली. मग बस ना आता. तिनं विचारलं, "तुम्ही इतकी वर्षं कधी बसायचात?"

मी म्हणालो, "शेवटी."

"मग."

मी तिच्याजवळच बसलो. तिनं न्यायचं-आणायचं काम मागितलं नव्हतं, वाढपही मागितलं नव्हतं. नुसती उपाशी बसली होती, आणि तिला हाकलायचा कुठलाच सभ्य मार्ग आमच्याकडे नव्हता. हळूहळू लोक यायचे थांबले. तिसरी पंगत उठायच्या सुमाराला तर ती तिथं आहे हेच सगळे विसरले होते, कारण सगळे दमले होते.

साडेतीनच्या पुढे बोळात पत्रावळ्या मांडायला लागल्याचा आवाज आला. ती उठली आणि आत गेली. मी दारापर्यंत मागोमाग गेलो, त्यामुळे मला सगळं दिसलं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदरानं तोंड पुसत. त्यांनी वर पाहिलं. गेली सात वर्षं त्या माझ्या सुनेशी आप म्हणून बोलत आल्या होत्या. आता त्यांच्यात तेवढं त्राण नव्हतं.

"अगं, उभी काय राहिलीस? तो भात इकडं ओढ. आणि चार पत्रावळ्या कमी आहेत, त्या बघ कुठं आहेत."

तिनं दोन्ही हातांनी पातेलं ओढलं. ते जड होतं, कडेला टेकवलेलं वरणाचं भांडं हललं आणि पळीभर वरण फरशीवर सांडलं. काकू म्हणाल्या की डोळे उघडे ठेवून काम करावं माणसानं, आणि आता ते तूच पूस. पुण्याची मुलगी हसली. सुनेनं फडकं शोधलं, फरशी पुसली, पत्रावळ्या आणल्या आणि माझ्या बायकोशेजारी जागा करून बसली. तिच्या पानावर तळाचा भात पडला, वर जिलबीचा चुरा. तिला कुणी आग्रह केला नाही, करायला उरलंच नव्हतं काही. ती भुकेलेल्या माणसासारखी, मान खाली घालून जेवत होती. कुणीतरी शाल पांघरलेल्या ज्येष्ठांवर काहीतरी बोललं आणि सगळा बोळ हसला, तीही हसली.

मला फार आनंद झाला. आणि त्याच क्षणी असंही वाटलं की आपणही तिथं बसावं, दोन घास खावेत. मी बोळात पाऊल टाकलं.

काकू म्हणाल्या, "तुमचं जेवण झालंय ना? मग बाहेर निवांत बसा. इथं ओलं आहे, पाय घसरेल."

त्यांचं बरोबर होतं. जेवून उठलेल्या माणसाला त्या पंगतीत जागा नसते. मी परत बाकावर येऊन बसलो. हॉल रिकामा झाला होता, टेबलं घडी घालून भिंतीशी लावली जात होती, आणि बोळातलं बोलणं ऐकू येत होतं पण शब्द कळत नव्हते. थोड्या वेळानं सून बाहेर आली. हात उष्टा होता म्हणून तिनं तो अंगापासून लांब धरला होता.

"बाबा, एकटेच बसलात. थोडा भात आणायला सांगू का? दोनच घास. घ्या ना."

मी म्हणालो, नको नको, अगदी पोटभर झालंय.

असं कसं, थोडा तरी घ्या, ती म्हणाली. तेवढ्यात आतून कुणीतरी तिला नावानं हाक मारली, आणि माझं उत्तर ऐकायला न थांबता ती आत गेली.